कॅट्लेया : मूलस्थान, जीवनक्रम आणि लागवड

आमर कुलातील, म्हणजेच ऑर्किडांच्या कुलातील, ज्या प्रजातींनी उद्यानविद्येचा इतिहास घडविला, त्यांत कॅट्लेयाची गणना अग्रक्रमाने करावी लागते. ही प्रजाती सर्वस्वी उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असून कोस्टा रिकापासून अर्जेंटिनाच्या उत्तर भागापर्यंत तिचा प्रसार आहे. आजच्या वर्गीकरणानुसार तिच्यात शंभराहून अधिक जाती मोडतात. कोलंबियाने कॅट्लेया ट्रायनी आणि व्हेनेझुएलाने कॅट्लेया मोसी या जातींना राष्ट्रीय पुष्पाचा मान दिला आहे. तथापि या प्रजातीचे महत्त्व केवळ फुलांच्या शोभेत नाही. वनस्पती हस्तगत होणे निराळे आणि तिचा जीवनक्रम ज्ञात होणे निराळे, हे तत्त्व तिच्या लागवडीच्या दोन शतकांच्या इतिहासातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होत असेल.

एक हरवलेली जाती

विल्यम स्वेनसन या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने ब्राझीलमधील पेर्नांबुको प्रांतातून काही आमरे मायदेशी पाठविली. त्यांपैकी एक वनस्पती १८१८ च्या नोव्हेंबरात बार्नेट येथील विल्यम कॅट्ली यांच्या काचगृहात फुलली. जॉन लिंडली यांनी १८२१ मध्ये तिचे वर्णन करून कॅट्लींच्या नावाने नवी प्रजाती स्थापिली. हीच कॅट्लेया लेबिएटा होय. स्वेनसनने ही झाडे इतर वनस्पतींभोवती निव्वळ पेंढ्याप्रमाणे गुंडाळली होती, अशी कथा लोकप्रिय पुस्तकांतून वारंवार आढळते. परंतु संग्रहासाठीच हिंडणाऱ्या निसर्गशास्त्रज्ञाने ती मुद्दाम जमविली होती, हेच खरे मानावयास हवे.

दुर्दैवाने वनस्पतीबरोबर तिच्या उगमस्थानाची नेमकी नोंद आली नाही. स्वेनसन पुढे रिओ दि जानेरोकडे गेला असल्यामुळे संग्राहक त्या परिसरात शोध घेऊ लागले. १८३६ मध्ये जॉर्ज गार्डनर यांना रिओजवळील गाव्हिया या खडकावर ती सापडल्यासारखे वाटले. पण ती निराळीच जाती होती. मूळ लेबिएटा सुमारे सत्तर वर्षे अज्ञात राहिली आणि १८९० च्या सुमारास पेर्नांबुकोतच पुन्हा हाती लागली. मधल्या काळात मोठ्या फुलांच्या इतर जाती तिचेच प्रकार म्हणून गणल्या गेल्यामुळे नामकरणातही मोठा गोंधळ माजला. एका ओळीच्या नोंदीअभावी वनस्पतिशास्त्राला पडलेला हा भुर्दंड होता.

रचना व राहणी

कॅट्लेया ही प्रामुख्याने अपिवनस्पती आहे. काही जाती खडकांवरही वाढतात. आपल्याकडे झाडावर वाढणारी प्रत्येक वनस्पती बांडगूळ समजण्याची चूक होते. बांडगूळ आश्रयवृक्षाच्या उतींत शिरून त्याचा रस शोषते. कॅट्लेया केवळ आधार घेते. पावसाचे पाणी, दव आणि सालीच्या भेगांत साचलेला पालापाचोळा यांवरच तिचा निर्वाह होतो.

तिच्या आडव्या वाढणाऱ्या मूलक्षोडावर दरवर्षी नवा आभासी कंद उभा राहतो. त्यात पाणी व अन्न साठविले जाते. कंदाच्या माथ्यावर एक किंवा दोन जाड पाने असतात. एकपर्णी जातींत १५ ते २० सें.मी. रुंदीची थोडी फुले, तर द्विपर्णी जातींत लहान पण संख्येने अधिक फुले, असा सर्वसाधारण भेद दिसतो. कळ्या बहुधा एका महाछदातून बाहेर पडतात. मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. ते पाणी झटकन शोषून घेते. पण सतत भिजत राहिल्यास मूळ कुजते. पानांची त्वग्रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. तेव्हा शोषलेला कार्बन डाय-ऑक्साइड मॅलिक अम्लाच्या रूपाने साठविला जातो आणि दिवसा, रंध्रे मिटलेली असता, प्रकाशसंश्लेषणात वापरला जातो. उघड्यावर, वाऱ्यात आणि उन्हात राहणाऱ्या वनस्पतीने साधलेली ही पाण्याची काटकसर होय.

लागवडीतील भ्रम व सुधारणा

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या राहणीची कल्पना युरोपातील उद्यानपालांना नव्हती. उष्णकटिबंध म्हणजे सदैव उकाडा, ओल आणि अंधारे अरण्य, अशा समजुतीने आमरे बंदिस्त उष्णगृहांत कोंडली जात. परिणामी हजारो झाडे नष्ट झाली. पुष्कळ जाती डोंगरउतारांवरील थंड रात्रीच्या प्रदेशातून आलेल्या आहेत, हे ध्यानात आल्यावर पद्धती पालटू लागली. १८३० नंतरच्या दशकात चॅट्सवर्थ येथे जोसेफ पॅक्स्टन यांनी हवा खेळती ठेवून आणि भिन्न तपमानांची स्वतंत्र काचगृहे योजून आमरांच्या लागवडीत यश मिळविले.

आज प्रचलित असलेले नियम या अनुभवातूनच सिद्ध झाले आहेत. रात्रीचे तपमान १३° ते १६° से., दिवसाचे २१° ते २९° से., हवेची आर्द्रता ५० ते ७० टक्के आणि भरपूर परंतु गाळलेला प्रकाश तिला मानवतो. पान गर्द हिरवे झाल्यास प्रकाश कमी पडतो, असे समजावे. फिकट हिरवे पान योग्य प्रकाशाचे लक्षण होय. माध्यम जवळजवळ सुकल्यावरच पुन्हा पाणी द्यावे. माध्यम म्हणून पूर्वी ऑस्मुंडा नेच्याची मुळे वापरीत. पुढे शंकुधारी वृक्षांच्या सालीचे तुकडे रूढ झाले. आपल्याकडे कोळसा, विटांचे तुकडे व नारळाची सोडणे यांवर काम भागते. दोन-तीन वर्षांनी, नवी मुळे फुटू लागताच, कुंडी बदलावी आणि विभागणी करताना प्रत्येक भागात किमान तीन-चार कंद राखावेत.

या नियमांचे स्थानिक उपयोजन मात्र विचारपूर्वक करावे लागते. कोकणपट्टीत आर्द्रता मुबलक असली तरी उन्हाळ्यात रात्री पुरेशा थंड होत नाहीत आणि पावसाळ्यात संततधारेपासून झाडांना छप्पर द्यावे लागते. देशावर रात्री थंडावतात; पण उन्हाळ्यातील कोरडी हवा बाधक ठरते. एका ठिकाणचा नियम दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लावणे ही जुन्या उष्णगृहांचीच चूक पुन्हा करणे होय.

बीजांकुरणाचे कोडे

कॅट्लेयाच्या एका फळात लाखो बिया असतात. पण त्या धुळीसारख्या सूक्ष्म आणि पुष्करहित असतात. मातृवृक्षाच्या कुंडीत पेरलेल्या बियांपैकी काहीच का रुजतात, हे कोडे दीर्घकाळ सुटले नव्हते. १८९९ मध्ये नोएल बेर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने आमरांच्या अंकुरणात कवकाचा सहभाग असतो, हे दाखवून दिले. कुंडीतील जुन्या मुळांत तेच कवक वसत होते. कवक भ्रूणाला शर्करा पुरवीत असेल तर शर्कराच थेट का पुरवू नये, असा तर्क कॉर्नेल विद्यापीठातील लुईस नुडसन यांनी केला आणि १९२२ मध्ये शर्करा व खनिज लवणे असलेल्या निर्जंतुक माध्यमावर कवकाविना बीजे रुजवून दाखविली. १९६० मध्ये झॉर्झ मोरेल यांनी सिंबिडियम या प्रजातीत विभज्येचे संवर्धन यशस्वी केले. पुढे हे तंत्र कॅट्लेयातही वापरात आले आणि एका निवडक झाडापासून असंख्य समान झाडे मिळू लागली.

वर्गीकरणातील फेरबदल

परागपुंज चार असल्यास कॅट्लेया आणि आठ असल्यास लेलिया, असा जुना निकष होता. डीएनएच्या अभ्यासाने त्याला धक्का दिला. २००३ मध्ये मध्य अमेरिकेतील स्किनेरी इत्यादी काही जाती ग्वारिअँथी या वेगळ्या प्रजातीत गेल्या. उलटपक्षी, ब्राझीलमधील लेलिया व सोफ्रोनायटिस यांच्या जाती २००८ पर्यंत कॅट्लेयात समाविष्ट झाल्या. सहज मोजता येणारे लक्षण आप्तसंबंधांचे लक्षण असतेच असे नाही, हा त्यातील बोध होय.

उपसंहार

प्रयोगशाळेत झाडे विपुल निर्माण होऊ लागल्यामुळे अरण्यातून ती ओरबाडण्याचे कारण आता उरलेले नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७५ पासून निर्बंधही आहेत. तरीही अरण्यतोड व पूर्वीचे अमर्याद संकलन यांमुळे, कोलंबियाचे राष्ट्रीय पुष्प असलेली कॅट्लेया ट्रायनी निसर्गात संकटग्रस्त गणली जाते. उद्यानातील हजार समान झाडे अरण्यातील शंभर भिन्न झाडांची उणीव भरून काढीत नाहीत. कारण जातीची विविधता आणि कवक, कीटक व आश्रयवृक्ष यांच्याशी असलेले तिचे संबंध मूलस्थानीच टिकतात. म्हणूनच संग्रहातील प्रत्येक झाडावर नावाच्या चिठ्ठीबरोबर स्थानाचीही नोंद असावी. लेबिएटाच्या बाबतीत ती नव्हती. त्याची किंमत सत्तर वर्षांच्या शोधाने मोजावी लागली. उद्या मूलस्थानच उरले नाही, तर कितीही शोध घेतला तरी तो व्यर्थ ठरेल.