चिप आणि हीट सिंकमधला केसभर गोंद

सप्टेंबर २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने केलेली एक चाचणी संगणकप्रेमींमध्ये बरीच गाजली. संगणकावर गेम सुरू असतानाच प्रोसेसरवरचा हीट सिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, उचलून बाजूला काढण्यात आला. त्या वेळच्या एएमडी अ‍ॅथलॉन प्रोसेसरमधून काही क्षणांत धूर निघाला आणि तो कायमचा निकामी झाला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र मंदावला, पण चालत राहिला. तापमान वाढताच स्वतःचा वेग कमी करण्याची सोय त्यात होती.

आज जवळपास सगळ्याच मुख्य प्रोसेसरमध्ये ही सोय असते. हीट सिंक नीट टेकला नसेल, तर धूर निघत नाही; संगणक नुसता रेंगाळू लागतो आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. मात्र संगणकात प्रोसेसरखेरीज तापणारे इतरही भाग असतात. मदरबोर्डवर वीजदाब नियंत्रित करणारे सुटे भाग, ग्राफिक्स कार्डवरच्या मेमरी चिप, रास्पबेरी पायसारख्या खिशात मावणाऱ्या संगणकाची मुख्य चिप अशा अनेक ठिकाणी हीट सिंक आवळायला स्क्रूचे भोकही नसते आणि क्लिप अडकवायला जागाही नसते. तिथे हीट सिंक चिकटवावाच लागतो. कशाने चिकटवला आणि किती जाड थराने, यावर त्या चिपचे आयुष्य अवलंबून असते.

खरा शत्रू हवा

चिपचा वरचा भाग आणि हीट सिंकचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोन्ही पृष्ठभाग डोंगर-दऱ्यांनी भरलेले असतात. ते एकमेकांवर ठेवले की फक्त उंचवटे टेकतात आणि मधल्या दऱ्यांमध्ये हवा अडकते. तव्यावरची पोळी जिथे तव्यापासून सुटते तिथे ती पांढरीच राहते. इथेही तसेच होते.

पदार्थ उष्णता किती सहज वाहून नेतो, हे ‘वॉट प्रति मीटर-केल्विन’ या एककात मोजतात. तांब्यासाठी हा आकडा ४०० च्या आसपास आहे, ॲल्युमिनियमसाठी सुमारे २००, तर हवेसाठी अवघा ०.०२६. साधा इपॉक्सी गोंद ०.२ च्या घरात असतो. उष्णतावाहक म्हणून विकले जाणारे गोंद साधारण १ ते ४ च्या दरम्यान येतात. धातूंच्या तुलनेत हे आकडे अगदीच किरकोळ वाटतात, पण गोंदाची स्पर्धा तांब्याशी नसते. त्याला जागा घ्यायची असते ती हवेची, आणि हवेपेक्षा तो कित्येक पटींनी सरस असतो.

एक सोपे गणित पाहू. एक सेंटिमीटर लांब-रुंद चिप ५ वॉट उष्णता बाहेर टाकते आणि तिच्यावर ०.१ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीचा थर आहे. थर पूर्णपणे हवेचा असता, तर त्या केसभर अंतरात तापमानाचा फरक १९० अंशांवर गेला असता. साध्या इपॉक्सीने तो २५ अंशांवर येतो. २ इतकी वाहकता असलेल्या उष्णतावाहक गोंदाने तो फक्त अडीच अंश राहतो. पण हाच चांगला गोंद सढळ हाताने अर्धा मिलिमीटर जाड लावला, तर फरक पुन्हा साडेबारा अंशांवर जातो. म्हणजे गोंद जितका उत्तम, तितका तो कमी लावण्यातच शहाणपण.

उन्हाळ्यात हे अंश मोलाचे ठरतात. हीट सिंक कितीही मोठा असला, तरी तो भोवतालच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. रास्पबेरी पाय ४ ची चिप ८० अंश सेल्सिअसला पोहोचली की वेग कमी करू लागते. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत अशा चिपला ५५ अंशांची मोकळीक मिळते. मे महिन्यात विदर्भातल्या ४५ अंशांत ती ३५ वर येते. वरच्या उदाहरणातल्या साध्या इपॉक्सीने त्यातले २५ अंश एकट्यानेच खाल्ले, तर हीट सिंकच्या वाट्याला उरतात फक्त दहा.

गोंदात दडलेली भुकटी

उष्णतावाहक गोंद म्हणजे इपॉक्सी, ॲक्रिलिक किंवा सिलिकोन गोंदात मिसळलेली अतिशय बारीक भुकटी. ही भुकटी ॲल्युमिनियम ऑक्साइड, बोरॉन नायट्राइड किंवा चांदीची असते. कण एकमेकांना टेकले की उष्णतेला वाट मिळते. म्हणून भुकटीचे प्रमाण भरपूर ठेवावे लागते. चांदी उष्णता उत्तम वाहते, पण वीजही वाहते. चांदीचा गोंद चिपच्या कडेवरून ओघळून शेजारच्या जोडांवर गेला, तर शॉर्टसर्किट होऊ शकते. ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि बोरॉन नायट्राइड वीजरोधक असल्याने तिथे हा धोका नसतो.

प्रत्येक पदार्थ तापला की आपापल्या प्रमाणात प्रसरण पावतो, हा आणखी एक पेच. तापमान एका अंशाने वाढले, तर मीटरभर सिलिकॉन सुमारे अडीच मायक्रॉनने वाढते आणि ॲल्युमिनियम तब्बल २३ मायक्रॉनने. संगणक रोज चालू-बंद होताना ही ओढाताण गोंदाच्या थरालाच सोसावी लागते. इपॉक्सी घट्ट धरते, पण कडक असते. सिलिकोनचा गोंद थोडा लवचीक राहतो, म्हणून मोठ्या पृष्ठभागांना तो बरा पडतो. घरातला ‘इन्स्टंट’ गोंद या कामाला चालत नाही. तो उष्णता वाहत नाही, शिवाय तापला की त्याची पकड सैल होते.

पकड सुटण्याचा धोका वाटतो त्याहून मोठा आहे. उभ्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डची चिपची बाजू बहुधा खाली तोंड करून असते; तिथे चिकटवलेले हीट सिंक उलटे लटकत असतात. एखादा सुटला, तर त्याची चिप उघडी पडतेच, पण धातूचा तो तुकडा खालच्या सर्किटवर पडून दुसराच भाग जाळू शकतो.

पेस्ट, पट्टी की गोंद?

दुकानात तीन गोष्टी शेजारी-शेजारी मिळतात आणि त्यांत गल्लत होते. थर्मल पेस्ट चिकटवत नाही, ती फक्त फटी भरते. स्क्रू किंवा क्लिपने आवळलेल्या हीट सिंकखाली तीच वापरायची. दोन्ही बाजूंनी चिकटणारी थर्मल पट्टी लावायला सोपी आणि पुढे काढता येण्याजोगी, पण तिची वाहकता सहसा कमी. हलक्या हीट सिंकला आणि कमी तापणाऱ्या चिपला ती पुरते. गोंद कायमचा. संगणकाच्या मुख्य प्रोसेसरला तो कधीही लावू नये, कारण पुढे पंखा किंवा प्रोसेसर बदलायची वेळ आली, तर दोन्ही वेगळे होत नाहीत.

गोंद लावण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडे करावे लागतात. बोटाचा तेलकट ठसाही पकड बिघडवतो. दोन नळ्यांचा इपॉक्सी असेल, तर पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच मिसळावा. तो काही मिनिटांत घट्ट होऊ लागतो, म्हणून हीट सिंकची जागा आधीच ठरवलेली बरी. छोट्या चिपला तांदळाच्या दाण्याएवढाही गोंद जास्त होतो. हीट सिंक ठेवून किंचित फिरवत दाबला की हवा आणि जास्तीचा गोंद बाहेर पडतो. पाकिटावर दिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत यंत्र सुरू करू नये.

हाताचीही काळजी हवी. न वाळलेल्या इपॉक्सीचा वारंवार स्पर्श झाला, तर काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते: खाज, लालसरपणा, पुरळ. एकदा ही ॲलर्जी जडली की पुढे थोड्या स्पर्शानेही ती उफाळते. म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि गोंद हाताला लागलाच, तर साबण-पाण्याने लगेच धुवावा.

चिकटलेला हीट सिंक काढायची वेळ आलीच, तर तो वर ओढू नये. अनेक चिप बोर्डला सूक्ष्म डाखाच्या थेंबांनी जोडलेल्या असतात. वर ओढले की चिप बोर्डावरचे तांब्याचे ठिपके घेऊनच उखडते. आडवा, सावकाश पीळ देणे त्यातल्या त्यात कमी धोक्याचे. यंत्र वॉरंटीत असेल, तर गोंदाची नळी उघडण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचून घ्याव्यात.