चौकट : दिंडीत जुळणारी नाती

वाशीच्या बाजार समितीतले अनेक माथाडी कामगार मूळचे सातारा-सांगलीकडचे. त्यांच्यातल्या कितीतरी घरांत वारी पिढीजात आहे.

आळंदी ते पंढरपूर अंतर सुमारे २५० किलोमीटर. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींच्या पादुकांचं प्रस्थान होतं. आजच्या सोहळ्याची शिस्त १९व्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावली. पालखीच्या रथापुढे आणि रथामागे दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की जेवणाची, मुक्कामाची सोय दिंडीच करते. एका तंबूत निजणारे, एका पंगतीत बसणारे अनोळखी लोक एकमेकांना ‘माउली’ म्हणत पाया पडतात. पुढच्या वर्षी तेच एकमेकांची वाट पाहतात.

सगळ्यात सुंदर रीत समाजआरतीची. मुक्कामी चोपदारांनी दंड उंचावला की हजारो टाळ क्षणात थांबतात. तक्रार असलेल्या दिंडीचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तिथे जाऊन गाऱ्हाणं ऐकतात, तोडगा काढतात. हरवलं-सापडलंही इथेच पुकारतात.

नवी मुंबईहून पहिल्यांदा निघणाऱ्यांनी ओळखीच्या दिंडीत आधीच नाव द्यावं. सगळी वाट जमणार नसेल, तर दिवे घाटाचा पुणे-सासवड टप्पा तरी चालावा. लांब आहे, पहाटेच निघावं.