मातीच्या घराचे छप्पर

श्रोतेहो, इंग्रजीच्या पुस्तकात 'कॉटेज' आले की आमच्या काटोलकडची मुले त्याचा अर्थ 'बंगला' सांगतात. चित्रात फुलांची बाग दिसते ना! पण इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातली अशी कितीतरी जुनी घरे निव्वळ मातीची आहेत. चिखलात काड तुडवून उभारलेली. वर गव्हाच्या काडाचे किंवा बोरूचे फूटभर जाड छप्पर. उतार सुमारे ५० अंशांचा, म्हणून पाणी मुरायच्या आत ओघळून जाते. पन्हळ बहुधा नसतेच. वळचण भिंतीच्या बरीच पुढे काढलेली असते. तिकडचे जुने लोक म्हणत, मातीच्या घराला पायात बूट आणि डोक्यावर टोपी चांगली हवी. बूट म्हणजे दगडी जोते.

हे पाहायला विलायतेला कशाला जायचे? वर्ध्याजवळ सेवाग्रामला चला. गांधीजी १९३६ साली तिथे, म्हणजे तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. घर गावच्या सामानाचे, गावच्या मजुरांनी बांधलेले, आणि ५०० रुपयांच्या आत व्हावे ही त्यांची अट. आज जिला आपण बापूकुटी म्हणतो, ती आधी मीराबहेन यांची होती. ह्या बाई कोण? इंग्रज आरमारातल्या बड्या अधिकाऱ्याची मुलगी, मॅडेलीन स्लेड! भिंतीवर त्यांनी मातीचीच ताडाची झाडे आणि चरखा उठवला आहे. मुले तिथेच रेंगाळतात. मास्तरांनी त्यांना जरा बाहेर आणून वर पाहायला लावावे. छप्पर काडाचे नाही, कवेलूंचे. पण काम तेच. भिंत पागोळ्यांपासून दूर ठेवायची.

माझ्या आईच्या घराला हे भोवले. दोन उन्हाळे कवेलू फेरलेच नाहीत. फेरणारे म्हातारे गेले, त्यांची पोरे नागपूरला. एक कवेलू फुटले होते, एवढेच; पण आषाढात पश्चिमेची भिंत बसली, बरं का! पुन्हा उभारताना शेजारी शेतातली काळी माती आणायला निघाला, त्याला थांबवले. ती भिजली की फुगते, वाळली की तडकते. भिंतीला पांढरीच हवी.

मे अखेरीस आपल्याकडे सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. त्या वेळी दारे-खिडक्या लावून आत बसा. जमिनीवर जिथे कवडसा पडेल, त्याच्या बरोबर वरचे कवेलू मृगाच्या आधी बदलून घ्या.