उघड्या मानेचीं कोंबडीं व त्यांची पैदास

कोंबड्याची उघडी, तांबडी मान पाहून कित्येक शेतकरी बंधूंस तो पिसें झडण्याचा रोग वाटतो व चांगला पक्षी ते कवडीमोलानें विकून टाकतात. त्यांस आमचें सांगणें असें कीं, हा रोग नव्हे. आईबापांकडून आलेला जन्मजात गुण आहे. रुमानियांतील ट्रान्सिल्व्हेनिया प्रांतांत अशीं कोंबडीं फार दिवसांपासून प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनें या गुणाचा संकर तयार केला आहे.

प्रत्येक पक्ष्यांत या गुणाचीं दोन बीजें असतात. एक बापाकडील व एक आईकडील. दोन्ही उघड्या मानेचीं असल्यास मान बहुतेक पूर्ण उघडी राहते. एकच असल्यास मानेच्या पुढील बाजूस, खालीं, पिसांचा झुबका राहतो. एकही नसल्यास मान पिसांनीं झांकलेली असते.

आतां हिशेब पाहा. पूर्ण उघड्या मानेचा नर साध्या माद्यांस लावल्यास सर्व पिलें झुबक्याचीं निघतात; झुबक्याचा नर लावल्यास सुमारें निम्मींच. नरमादी दोन्ही झुबक्याचीं असल्यास सरासरीनें चार पिलांत एक पूर्ण उघड्या मानेचें, दोन झुबक्याचीं व एक साधें होतें. तेव्हां साधें पिलूं निघालें म्हणून विकणाऱ्यास लबाड ठरवूं नये.

या पक्ष्यांस पिसें कमी. झुबक्याच्यांस सुमारें २० टक्के, पूर्ण उघड्यांस सुमारें ४० टक्के. त्यामुळें अंगांतील उष्णता लवकर बाहेर पडते व कडक उन्हाळ्यांत त्यांची वाढ कमी खुंटते. म्हणून नर विकत घेतांना प्रथम झुबका आहे कीं नाहीं तें पाहावें, मग पैसे मोजावे.