वाऱ्यावरची वीज

सुट्टीत तळासरीला घरी गेले की एक प्रश्न हमखास येतो. "अगं, तू इलेक्ट्रिकलला आहेस ना? मग सांग, ते डहाणूचं थर्मल बंद करून तिथे पवनचक्क्या का लावत नाहीत?" आमचे शेजारचे काका तर हे अशा सुरात विचारतात की जणू मीच अडवून धरलंय!

प्रश्न अगदी रास्त आहे. १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला आणि १९९५ मध्ये तिथेच ५०० मेगावॉटचं कोळशाचं स्टेशन सुरू झालं. चिकूच्या वाड्या आणि धुराडं एकाच तालुक्यात. त्यामुळे "वारा तर फुकट आहे" हे वाक्य आमच्याकडे फार गोड लागतं.

वारा फुकट आहे हो, पण लहरी आहे. वाऱ्यापासून मिळणारी पॉवर त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वेग निम्मा झाला तर वीज निम्मी नाही, एक अष्टमांश! शिवाय बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिलंय की आदर्श चक्कीसुद्धा वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा काढू शकत नाही. सगळीच काढली तर वारा पात्यांमागे थांबून राहील, मग मागून येणाऱ्या वाऱ्याने जायचं कुठे? सेकंदाला साधारण तीन-चार मीटरच्या खाली चक्की वीजच देत नाही, आणि पंचवीसच्या वर गेला की स्वतःला वाचवायला बंद होते. बोर्डीच्या किनाऱ्यावर दुपारी अंगाला छान लागणारी झुळूक चक्कीच्या हिशेबात फारशी धरत नाहीत. म्हणून आपल्या राज्यातल्या पवनचक्क्या साताऱ्याच्या चाळकेवाडी, वनकुसवडे पठारांवर आणि धुळ्याच्या साक्री भागात दिसतात. नैऋत्येचा वारा सह्याद्रीला धडकून माथ्यावर वेग घेतो, तो तिथेच पकडायचा.

आता थोडं गणित (पळू नका!). थर्मल स्टेशन वर्षभर सरासरी ८० टक्के क्षमतेने चाललं असं धरू, म्हणजे ४०० मेगावॉट. पवनचक्की सरासरी २० ते २५ टक्के देते असं धरलं तर तेवढ्याच विजेला १६०० ते २००० मेगावॉटच्या चक्क्या लागतील. दोन मेगावॉटची एक, म्हणजे ८०० ते १०००. आणि तरीही काम भागत नाही, कारण ही सरासरी वर्षाची आहे. महाराष्ट्रात वाऱ्याची बहुतेक वीज जून ते सप्टेंबरमध्ये मिळते, जेव्हा शेतीचे पंप बंद आणि हवा गार. ऑक्टोबर हीटमध्ये आपण हॉस्टेलवर पंखा पाचवर करून झोपतो, तेव्हा वारा पडलेला असतो. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्‌झच्या आसपासच ठेवावी लागते, म्हणून वारा पडला की दुसरं काहीतरी लगेच उभं करावं लागतं.

"मग साठवून ठेवा की!" हा काकांचा पुढचा प्रश्न. साठवता येते. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहेच. जास्तीच्या विजेने खालचं पाणी वर चढवायचं, गरज पडली की खाली सोडायचं. पण यात साधारण पाचवा हिस्सा तरी वाटेत जातो, आणि काही तासांची साठवण वेगळी, पावसाळ्याची वीज ऑक्टोबरपर्यंत ठेवणं वेगळं.

जागेचा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. चक्कीच्या पायाला जागा कमी लागते हे खरं, पण तिथवर क्रेन न्यायला रुंद रस्ता लागतो, टॉवरच्या लायनी लागतात. साक्री तालुक्यात वनजमिनीवर पवनचक्क्या आल्या तेव्हा तिथल्या आदिवासींनी आंदोलनं केली. आमच्या तळासरीत वनहक्काच्या प्लॉटवर पोट असलेली किती घरं आहेत हे मी रोज बघत मोठी झाले. 'ग्रीन' म्हटलं म्हणून त्यांच्या नाचणीतून रस्ता काढायचा का?

काही आक्षेप मात्र उगाच आहेत. पवनचक्क्या ढग पळवतात, त्यामुळे पाऊस पडत नाही, अशी समजूत दुष्काळाच्या वर्षांत साताऱ्या-सांगलीकडे पसरली होती. ८०-१०० मीटरच्या टॉवरवरचं पातं कित्येक किलोमीटर पसरलेला मान्सूनचा ढग हलवू शकत नाही.

पक्ष्यांचं तसं नाही. चाळकेवाडीच्या अभ्यासात (२०१८ मध्ये प्रसिद्ध) असं दिसलं की चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आहेत. परिणामी तिथले सरडे वाढले आणि बिनधास्तही झाले, माणूस बराच जवळ गेला तरी पळत नाहीत. वाचायला गंमत वाटते, पण पठाराची अख्खी साखळी बदलली आहे.

शेवटी भंगार. चक्कीचं आयुष्य साधारण २० ते २५ वर्षं, म्हणजे साताऱ्याच्या पहिल्या चक्क्या आता म्हाताऱ्या झाल्यात. लोखंड, तांबं विकलं जाईल. पण पाती काचतंतू आणि रेझिनची, एकदा घट्ट झालं की पुन्हा न वितळणारी. आमच्या हायवेवरून ट्रेलरवर जाणारं एक पातं बघा, आपल्या मेसपेक्षा लांब असतं. ते कापून टाकायचं कुठे, यावर मेकॅनिकलवाल्यांनी फायनल इयरचा प्रोजेक्ट घ्यायला हरकत नाही. काकांना उत्तर मी कळवीन.