नवे संकेतस्थळ लोकांना सापडावे म्हणून

ग्रंथालयात नवा ग्रंथ आला, परंतु सूचीत त्याची नोंद झाली नाही, तर तो कपाटात असूनही वाचकाच्या दृष्टीने नसल्यासारखाच असतो. ग्रामपंचायत, शाळा अथवा कार्यालय यांनी नव्याने सुरू केलेल्या संकेतस्थळाची स्थितीही पुष्कळदा अशीच असते. उद्घाटन होते, छायाचित्रे झळकतात. मात्र महिन्याभराने गावाचे नाव घालून शोध घेतला असता ते स्थळ कोठेच आढळत नाही.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये सार्वजनिक प्राधिकरणांनी आपण होऊन माहिती प्रसिद्ध करावयाची आहे व त्यासाठी इंटरनेटचाही उपयोग करावयाचा आहे. माहितीसाठी अर्ज करण्याची वेळ नागरिकांवर कमीत कमी यावी, हा त्यामागील हेतू होय. अधिकृत स्थळ सापडले नाही, तर दाखल्याचे शुल्क शोधणारा ग्रामस्थ दुसऱ्याच कोणाच्या पानावर पोहोचतो. तेथील माहिती जुनी असू शकते. प्रसंगी त्याची फसवणूकही होऊ शकते.

शोधयंत्राचे कार्य

गूगल, बिंग यांसारख्या शोधयंत्रांचे काम तीन टप्प्यांत चालते. त्यांचे स्वयंचलित कार्यक्रम एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात राहतात आणि मजकूर वाचतात. वाचलेल्या मजकुराची सूची तयार होते. कोणी प्रश्न विचारला, की या सूचीतून योग्य वाटणारी पाने क्रमाने पुढे ठेवली जातात. याचा अर्थ असा, की शोध घेणाऱ्यास जे दिसते ते सूचीतून येते. सूचीत नोंद नसलेले पान कितीही उपयुक्त असले तरी उत्तरात येणार नाही.

आपल्या स्थळाची नोंद झाली आहे किंवा नाही, हे पाहण्याचा सोपा मार्ग आहे. गूगलच्या शोधचौकटीत रोमन लिपीत ‘साइट’ हा शब्द, त्यापुढे अपूर्णविराम आणि त्याला लागूनच संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. नोंदलेली पाने साधारणपणे समोर येतात.

दार बंद तर नाही?

एकही पान आले नाही, तर प्रथम एक साधी गोष्ट तपासावी. स्थळाची बांधणी चालू असताना अपुरी पाने बाहेर दिसू नयेत म्हणून त्यांवर ‘नोंद करू नये’ अशी सूचना लावली जाते. काम पुरे झाल्यावर ती काढण्याचे राहून गेले, तर शोधयंत्र ती प्रामाणिकपणे पाळते. तसेच ‘रोबोट्स’ नावाची एक लहान फाइल असते. कोणत्या भागात फिरावे व कोणत्या भागात फिरू नये हे या फाइलद्वारे सांगण्याची प्रथा १९९४ पासून आहे. त्या फाइलीतील एका चुकीच्या ओळीने संपूर्ण स्थळाला कुलूप लागू शकते. मात्र ही फाइल गोपनीयतेचे साधन नव्हे, कारण ती कोणालाही उघडून वाचता येते. लाभार्थींचे आधार क्रमांक वा बँक खात्यांचा तपशील संकेतस्थळावर ठेवूच नये, हाच खरा उपाय होय.

पानांची यादी सादर करणे

दार उघडे असल्याची खात्री झाल्यावर स्थळाची ‘साइटमॅप’, म्हणजे पानांच्या पत्त्यांची यादी, सादर करावी. ही पद्धत गूगलने २००५ मध्ये सुरू केली आणि २००६ मध्ये याहू व मायक्रोसॉफ्ट यांनीही ती स्वीकारली. एका यादीत ५०,००० पत्ते मावतात. गावाच्या स्थळास एकच यादी पुरते. गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य सेवेत स्थळाची मालकी सिद्ध करून ही यादी देता येते. कोणते पान नोंदले गेले, कोणते नाही व का नाही, हेही तेथे कळते. बिंगचीही अशीच सेवा आहे. हे खाते ठेकेदाराच्या नावे न उघडता कार्यालयाच्या अधिकृत ई-मेलवर उघडावे आणि कार्यभार सोपविताना त्याचीही नोंद करावी.

यादी दिली म्हणजे नोंद झालीच, असे नाही. तिला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात.

मजकूर वाचता यावा

मराठी स्थळांच्या बाबतीत एक अडचण विशेष आहे. जुन्या संगणकीय टंकांत पडद्यावर देवनागरी दिसत असली, तरी आत रोमन अक्षरांचे संकेत साठविलेले असतात. शोधयंत्रास तेथे निरर्थक अक्षरे दिसतात. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच असावा. सूचनाफलकाचे छायाचित्र वा ठरावाची छायाप्रत टाकून थांबू नये; तोच मजकूर टंकलिखित स्वरूपातही द्यावा.

प्रत्येक पानास स्वतंत्र व नेमके शीर्षक असावे. सर्व पानांवर ‘मुखपृष्ठ’ लिहिल्याने काहीच साधत नाही. वडगाव, पिंपळगाव ही नावे राज्यात अनेक गावांची आहेत. म्हणून गावाबरोबर तालुका, जिल्हा व पिनकोड लिहावा. पुष्कळ लोक गावाचे नाव रोमन लिपीत लिहून शोधतात. तेही एकदा नोंदवावे. गूगल आता मुख्यत्वे मोबाइलवर दिसणारी आवृत्ती वाचते, हे ध्यानात घेऊन मोबाइलवरही मजकूर पूर्ण दिसेल असे पाहावे.

दुव्यांचे महत्त्व

शोधयंत्र दुव्यांवरून चालत येत असल्याने, ज्या स्थळाकडे कोणीच बोट दाखवीत नाही ते उशिरा सापडते. जिल्हा परिषद, पंचायत समिती, परिसरातील शाळा यांच्या स्थळांवर आपला दुवा देण्याची विनंती करावी. पैसे देऊन दुवे मिळविणे मात्र गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. ‘पहिला क्रमांक हमखास मिळवून देतो’ असे सांगणाऱ्यांपासूनही सावध राहावे. तशी हमी कोणीही देऊ शकत नाही आणि नैसर्गिक क्रमवारीतील स्थान गूगल पैसे घेऊन देत नाही.

अखेर, नोंद टिकते ती मजकुराच्या उपयुक्ततेवर. ग्रामसभेची सूचना, कराचे दर, दाखल्यासाठी लागणारी कागदपत्रे, शाळेची प्रवेशप्रक्रिया ही माहिती वेळच्या वेळी अद्ययावत ठेवली पाहिजे. हे काम एका ठरावीक कर्मचाऱ्याकडे सोपवावे आणि मासिक सभेत त्याचा आढावा घ्यावा. असे झाले, तर संकेतस्थळ उद्घाटनाच्या दिवसापुरते न राहता गावाच्या नित्य उपयोगाचे होईल.