छोटा कारखाना आणि कामगारांचा विमा

लहान कारखान्याच्या मालकाला, ‘आपल्याकडे माणसे किती?’ असे विचारले, तर पुष्कळदा उत्तर येते, ‘नऊ’. आत डोकावून पाहावे, तर दोन लेथ, तीन पॉवर प्रेस, एक ड्रिल, पॅकिंगला बसलेल्या बायका, दारात टेम्पो भरणारे दोघे हमाल आणि हिशोब लिहिणारा एक तरुण. मोजू गेले तर तेरा-चौदा भरतात. पण हजेरीच्या वहीत नऊच. हा नऊचा आकडा कोठून आला, हे सांगावयास नको. दहा झाले की सरकारी विम्याची नोंदणी करावी लागते, दरमहा वर्गणी भरावी लागते, वह्या ठेवाव्या लागतात. तेव्हा दहावा माणूस वहीत चढू नये, अशी काळजी घेतली जाते. ही काळजी मालकाच्या हिताची आहे काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

श्रोतेहो, कामगाराला काम करताना इजा झाली तर तिची भरपाई कोणी करावी, या प्रश्नाला फार जुना इतिहास नाही. यंत्रयुगाच्या आरंभी या प्रश्नाचे उत्तर, ‘कोणीच नाही’, असे होते. 1837 साली इंग्लंडमधील एका खाटकाच्या नोकराने आपल्या धन्यावर फिर्याद केली. मांसाने भरमसाट लादलेली गाडी मोडून हा नोकर खाली पडला आणि त्याची मांडी मोडली. पंचांनी त्याला शंभर पौंड देवविले. पण वरिष्ठ न्यायालयाने ते नाकारले. गाडी किती लादली आहे, हे धन्याइतकेच नोकरालाही दिसत होते, मग तो चढला कशाला, असा त्या निकालाचा आशय होता. या निकालाच्या आधारे पुढे साठ वर्षे मालकांचा बचाव होत राहिला. चूक सहकाऱ्याची होती, चूक त्याची स्वतःची होती, धोका त्याला ठाऊक होता, या तीन सबबींपैकी एक तरी सबब बहुतेक प्रत्येक अपघाताला लागू पडे.

जर्मनीने 1884 साली अपघात-विम्याचा कायदा करून हा प्रश्नच निराळ्या रीतीने मांडला. चूक कोणाची, हे विचारूच नये. यंत्राला जसे तेल लागते, पट्टा झिजला की बदलावा लागतो, तशी माणसाची इजा हाही धंद्याचा एक खर्च आहे, आणि तो धंद्याने सोसावा, ही ती कल्पना. ब्रिटनने 1897 साली तीच दिशा धरली. हिंदुस्थानात 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा 1 जुलै 1924 पासून अंमलात आला. त्या वेळी मृत्यूची भरपाई तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांतील कमी असेल ती, एवढीच होती. रक्कम तुटपुंजी होती, पण तत्त्व मोठे होते. चूक सिद्ध न करताही गिरणीतल्या माणसाच्या विधवेला हक्काने पैसे मागता येऊ लागले.

तत्त्व मोठे असले तरी या व्यवस्थेत एक उणीव होती. भरपाई देणे मालकावर बंधनकारक होते. पण ती देण्याची ऐपत त्याच्याजवळ असेलच, याची हमी कोणी द्यावी? मोठी गिरणी देऊ शकते. चार खणांच्या शेडमध्ये कर्जाची यंत्रे बसविलेला मनुष्य कोठून देणार? 1943 साली प्रा. बी. पी. आडारकर यांची औद्योगिक कामगारांच्या आरोग्य-विम्याची योजना तयार करण्यासाठी नेमणूक झाली. त्या वेळी केंद्रात श्रम खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आडारकरांचा अहवाल 1944 साली आला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञांनी तो तपासला आणि आजाराच्या विम्यातच प्रसूतीचा लाभ व अपघाताची भरपाई गुंफावी, अशी सूचना केली. त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचे उद्घाटन झाले. नागपूर आणि मुंबई येथे ती 1954 साली आली. गिरणगावातल्या माणसांनी तिचे नाव ‘कामगार विमा’ असे सुटसुटीत करून टाकले. आता सर्वत्र ‘ईएसआय’ हीच अक्षरे चालतात.

हे दोन्ही कायदे आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये विलीन झाले आहेत आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आली आहे. कायद्याचे पुस्तक बदलले, तरी चौकट मात्र जुनीच राहिली. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला कर्मचारी राज्य विमा लागू होतो. सरकारने जिवाला धोकादायक म्हणून जाहीर केलेल्या धंद्यात एक माणूस असला, तरी तो लागू करता येतो. जेथे तो लागू नाही, तेथे अपघाताची संपूर्ण भरपाई मालकाने स्वतः द्यावयाची.

हे शेवटचे वाक्य नऊ माणसांच्या मालकाने दोनदा ऐकावे, असे मला वाटते. दहावा माणूस टाळून आपण कायद्याच्या बाहेर राहिलो, असा त्याचा समज असतो. वस्तुतः तो एका कायद्याच्या बाहेर राहिला की दुसऱ्याच्या कचाट्यात सापडतो, आणि हा दुसरा अधिक महाग आहे.

थोडा हिशोब करून पाहू. समजा, प्रेसवर काम करणाऱ्या तीस वर्षांच्या कारागिराचा अंगठा गेला. त्याचे हिशोबात धरावयाचे वेतन महिना 15,000 रुपये आहे. भरपाईच्या कायद्यात वयानुसार एक गुणक दिलेला असतो. तिशीचा गुणक 207.98 आहे. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर वेतनाच्या साठ टक्क्यांना या गुणकाने गुणावयाचे. म्हणजे 9,000 गुणिले 207.98, एकूण 18,71,820 रुपये. अंगठ्याची हानी परिशिष्टात तीस टक्के ठरविलेली आहे. तेव्हा मालकाचे देणे 5,61,546 रुपये होते. तोच कारागीर दगावला, तर वेतनाच्या निम्म्याला गुणक लावून 15,59,850 रुपये. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर बारा टक्के व्याज चढते, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर निम्म्या रकमेपर्यंत दंडही बसू शकतो.

आता दुसरी बाजू. 1 जुलै 2019 पासून विम्याची वर्गणी मालकाची 3.25 टक्के आणि कामगाराची 0.75 टक्के अशी ठरली. पंधरा हजारांच्या दहा माणसांचे एकूण वेतन दीड लाख. त्यावर मालकाची वर्गणी दरमहा 4,875 रुपये. म्हणजे एका अंगठ्याच्या भरपाईत सुमारे साडेनऊ वर्षांची वर्गणी भागते. आणि या वर्गणीत केवळ अपघात नाही. कामगाराच्या कुटुंबाचे औषधपाणी, आजारपणातील सत्तर टक्के वेतन आणि प्रसूतीची रजा हेही त्यातच येते. अंगठा गेलेल्या आपल्या कारागिराला महामंडळ वेतनाच्या नव्वद टक्क्यांच्या तीस टक्के, म्हणजे महिना सुमारे चार हजार रुपये आयुष्यभर देईल, आणि मालकावर नुकसानभरपाईचा दावा त्याला करता येणार नाही. नऊ माणसांवर थांबणाऱ्याने वाचविले काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

ज्याच्याकडे खरोखरच सहा-सात माणसे आहेत, त्याला दोन वाटा आहेत. कामगारांची बहुसंख्या आणि मालक यांची संमती असेल तर स्वखुशीने सरकारी विम्यात येता येते. नाही तर विमा कंपनीकडून नुकसानभरपाईची पॉलिसी घ्यावी. पॉलिसी घेताना माणसांची खरी संख्या, खरे वेतन आणि कामाचे खरे स्वरूप लिहावे. प्रेसवरच्या माणसाला ‘कार्यालयीन मदतनीस’ म्हणून दाखवून हप्ता थोडा उतरतो खरा, पण वाद उपस्थित होतो तो नेमका अपघातानंतर. दंडाची रक्कम तर कंपनी सहसा सोशीतच नाही.

दहा माणसे कशी मोजावयाची, यावर बरेच घोटाळे होतात. कायम, हंगामी, रोजंदारीचा, तुकड्यावर काम करणारा, असा भेद येथे नाही. ठेकेदाराने आणलेली माणसेही मोजावयाची. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही, तर ती अखेर मूळ मालकावर येते. ‘ती माणसे माझी नाहीत’, हे म्हणणे टिकत नाही. एकदा संख्या दहा झाली आणि विमा लागू झाला, की पुढे ती आठावर आली तरी तो चालूच राहतो.

वेतनाची मर्यादा ही निराळी गोष्ट आहे. 1 जानेवारी 2017 पासून ती महिना 21,000 रुपये ठरली. अपंग कामगारासाठी 25,000. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालखंड असतात. कालखंडाच्या मध्येच पगार वाढून मर्यादा ओलांडली, तरी तो कालखंड संपेपर्यंत कामगार विम्यातच राहतो. मर्यादेपलीकडचा सुपरवायझर विम्यात येत नाही. पण म्हणून त्याच्या अपघाताची जबाबदारी नाहीशी होत नाही, ती मालकावर राहते. त्याच्यासाठी वेगळी पॉलिसी लागते, आणि ही गोष्ट चांगले जाणते मालकही विसरतात. वेतन या शब्दाचा अर्थही नव्या संहितेने आवळला आहे. मूळ पगार लहान ठेवून बाकी सारे भत्त्यांत दाखविण्याची युक्ती आता फारशी उपयोगी पडत नाही. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो.

नोंदणीचे काम आज संगणकावर होते. पूर्वी त्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. आता श्रम सुविधा या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरता येतो. नवी कंपनी स्थापन करणाऱ्याला स्थापनेच्या अर्जाबरोबरच ही नोंदणी मिळते. आस्थापनेचे नाव, पत्ता, मालकी कोणाची, पॅन क्रमांक, धंद्याचे स्वरूप, कामगारांची यादी आणि दहावा माणूस कोणत्या दिवशी आला ती तारीख, एवढी माहिती हाताशी असावी. ही तारीख खरीच लिहावी. पुढे वह्या तपासल्या गेल्या आणि तारीख मागची निघाली, तर थकलेली वर्गणी व्याजासह भरावी लागते. अर्ज स्वीकारला गेला की सतरा आकडी संकेतांक मिळतो. तो आस्थापनेचा.

पण येथे निम्मेच काम झाले, आणि पुष्कळजण येथेच थांबतात. संकेतांक चौकटीत बसवून भिंतीला टांगला म्हणून कामगार विमित होत नाही. प्रत्येक माणसाची स्वतंत्र नोंद करून त्याचा दहा आकडी विमा क्रमांक काढावा लागतो. त्यात कुटुंबातील माणसांची नावे, वये आणि नाती बिनचूक घालावीत. घाईने ‘पत्नी व मुले’ एवढेच लिहून मोकळे झालेल्याच्या घरी दुर्घटना घडली, की अवलंबितांना नाते सिद्ध करण्यासाठी दारोदार हिंडावे लागते. गावाकडे राहणाऱ्या आईचे नाव तर हमखास राहून जाते. ही नोंद माणूस रुजू होतानाच करावी. आजारपणाच्या लाभासाठी काही दिवसांची वर्गणी साठावी लागते. अपघाताच्या लाभाला तशी अट नाही. पहिल्या पाळीतल्या पहिल्या तासाला हात सापडला, तरी हक्क पुरा असतो.

वर्गणी पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरावयाची. कामगाराचा हिस्सा त्याच्या त्याच महिन्याच्या पगारातून कापावा. तेव्हा राहिला तर नंतर कापता येत नाही. आपला हिस्सा त्याच्या माथी मारणे तर बेकायदाच आहे. ज्याचे दिवसाचे सरासरी वेतन 176 रुपयांपर्यंत आहे त्याचा हिस्सा माफ असतो, मालकाचा नसतो.

आणि अपघात झालाच तर? प्रथम माणसाला दवाखान्यात न्यावे. त्यानंतर अपघातांच्या नोंदवहीत त्याच दिवशी वेळ, जागा, यंत्र आणि साक्षीदार लिहून ठेवावेत, आणि महामंडळाला अपघाताचा अहवाल पाठवावा. इजा गंभीर असेल तर तत्काळ. ‘बघू, बरा होईल’, म्हणून आठ दिवस घालविल्याने जेवढे दावे अडतात, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने अडत असतील. घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध जुळत असेल, तर यात धरला जातो.

जेथे सरकारी विमा लागू नाही आणि कामगार दगावला आहे, तेथे मालकाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भरपाई घरच्या माणसांच्या हाती परस्पर देऊ नये. ती कायद्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे जमा करावयाची असते, आणि तो ती अवलंबितांत वाटून देतो. सद्भावनेने दिराच्या हाती ठेवलेली रक्कम विधवेपर्यंत पोहोचली नाही, तर कायद्याच्या दृष्टीने मालकाने काहीच दिलेले नसते.

विम्यापासून दूर राहिलेल्या मालकाच्या कामगाराचे काय होते, हाही प्रश्न येतो. मालकाने नोंदणी टाळली एवढ्यावरून लागू असलेल्या विम्यातला कामगाराचा हक्क बुडत नाही. महामंडळ लाभ देऊ शकते आणि त्याचे भांडवली मूल्य मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे जी रक्कम चुकविण्यासाठी वही नऊवर रोखली, ती एका दिवसात, एकरकमी आणि व्याजासह दारात येते.

आपले मराठी कारखानदार आज इंदूर, बडोदा, सुरत, हैदराबाद असे सर्वत्र पसरले आहेत, म्हणून एक बारीक गोष्ट सांगतो. परराज्यात शाखा काढली तर मूळ संकेतांकाखाली त्या शाखेचा उपसंकेतांक घ्यावा लागतो. कामगाराचा विमा क्रमांक मात्र बदलत नाही. सोलापूरचा मनुष्य सुरतेला कामाला आला, तर नव्या मालकाने त्याचा जुनाच क्रमांक आपल्या संकेतांकाशी जोडावा. रुजू होताना त्याला, ‘पूर्वी कोठे विमा होता काय?’ एवढे विचारावे. दुसरा क्रमांक निघाला, की त्याच्या वर्गणीचे दिवस दोन खात्यांत विभागले जातात, आणि आजारपणाच्या लाभाला लागणारे दिवस कोणत्याच खात्यात पुरे भरत नाहीत.